टाइप कुठला निवडायचा? इंट, डबल, स्ट्रिंग आणि न बदलणारे कॉन्स्टंट

शिकाऊ_कंपायलर

जावा शिकतोय, सोबत थोडं सी आणि पायथन. इंट किती बाइटचा, डबल किती बाइटचा हे तक्ते पाठ आहेत, पण प्रत्यक्ष लिहिताना खालच्या तीन जागी अडलंय. कोडमधले शब्द इथे देवनागरीत लिहितोय, तेवढं चालवून घ्या.

एक: दिवसातले मायक्रोसेकंद.

लाँग दिवस = २४ * ६० * ६० * १००० * १०००;

उत्तर ८६४०००००००० हवं, येतं ५००६५४०८०. एवढी संख्या लाँगमध्ये आरामात बसते ना?

दोन: डबल बेरीज शून्यापासून सुरू करून लूपमध्ये दहा वेळा ०.१ मिळवलं. छापलं तर ०.९९९९९९९९९९९९९९९९ आलं. त्यामुळे बेरीज == १.० ही अट खरीच होत नाही.

तीन: फायनल लावून एक यादी केली, तरी तिच्यात ॲड बिनबोभाट चालतं. मग हा कॉन्स्टंट कसला?

आणि मुळात टाइप निवडताना विचार काय करायचा, तेही सांगा.

अर्धविराम

पहिला प्रश्न आधी घेते, कारण टाइपबद्दलचा सगळ्यात चिवट गैरसमज त्यातच आहे.

बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे काय लिहिलंय, हे उजवीकडच्या गणिताला ठाऊक नसतं. नुसतं २४ किंवा १००० लिहिलं की जावा ते इंट धरतो, आणि इंट गुणिले इंट म्हणजे इंट. २४ * ६० * ६० * १००० पर्यंत ८६४००००० होतात, तोवर सगळं ठीक. शेवटच्या १००० ने गुणलं की इंटची वरची हद्द, म्हणजे २१४७४८३६४७, ओलांडली जाते. ३२ बिटांत न मावणारे वरचे बिट गळतात. पडताळून पाहायचं असेल तर ८६४०००००००० मधून २ चा ३२वा घात, म्हणजे ४२९४९६७२९६, वीस वेळा वजा करा. बरोबर ५००६५४०८० उरतात. हे बिघडलेलं उत्तर मग लाँगमध्ये ठेवलं जातं. भांडं मोठं आहे, पण त्यात ओतायच्या आधीच सांडलेलं आहे.

उपाय: पहिल्याच संख्येला एल (लाँगची खूण) जोडा, २४एल * ६० * ६० आणि पुढे तसंच. एल शेवटच्या १००० ला जोडला तरी इथे उत्तर बरोबर येईल, पण तो योगायोग. गुणाकार डावीकडून उजवीकडे होतो आणि इथे फक्त शेवटची पायरी हद्दीबाहेर जाते. नॅनोसेकंद काढायला आणखी एक १००० आला आणि एल त्याला लावला, की एलपर्यंत पोचायच्या आधीच घात झालेला असेल. म्हणून सवय लावायची ती पहिल्या संख्येची.

ओव्हरफ्लो, म्हणजे हद्द ओलांडणं, झालं तर गप्प न बसता अपवाद फेकला जावा असं वाटत असेल, तर जावा ८ पासून मॅथ.मल्टिप्लायएक्झॅक्ट आणि ॲडएक्झॅक्ट आहेत. हिशेबाच्या कोडमध्ये ते वापरायला अजिबात कंजुषी करू नका.

याच जातीचा आणखी एक सापळा: बाइट ब = १२७; असताना ब = ब + १ लिहिलं तर कंपायलर अडवतो, कारण उजवीकडे इंट तयार होतो. ब += १ लिहिलं तर तो काहीच बोलत नाही, कारण += मध्ये आतल्या आत कास्ट, म्हणजे टाइप बदलून घेणं, दडलेला असतो. ब मध्ये −१२८ येतात.

रजिस्टर

अर्धविरामताईंनी जावाचं सांगितलं. जावात निदान आकार तरी ठरलेले असतात: बाइट ८ बिट, शॉर्ट १६, इंट ३२, लाँग ६४, यंत्र कुठलंही असो. सी मध्ये तेही नाही. तक्ते पाठ करून फसतात ते इथेच.

सी ची प्रमाणप्रत फक्त किमान हद्द सांगते. इंट किमान १६ बिट, लाँग किमान ३२. आजच्या डेस्कटॉपवर इंट ३२ बिटांचा मिळतो, पण अर्डुइनो ऊनो आर३ या छोट्या बोर्डवर तो १६ बिटांचाच आहे, म्हणजे ३२७६७ वर संपतो. लाँगची तर गंमतच आहे. ६४ बिटांच्या लिनक्सवर तो ६४ बिट, ६४ बिटांच्या विंडोजवर ३२. लिनक्सवर नीट चालणारा कोड विंडोजवर चुकीचे आकडे देतो, यामागे कितीदा तरी हेच असतं.

म्हणून जिथे आकाराला महत्त्व आहे, म्हणजे फाइलचा फॉरमॅट, नेटवर्कवरचा पॅकेट, सेन्सरचा रजिस्टर, तिथे सी९९ पासून आलेले एसटीडीइंट हेडरमधले टाइप घ्या: इंट३२_टी, यूइंट८_टी वगैरे. साध्या लूपला इंट पुरतो, तिथे उगाच सोवळं नको.

अशा अर्डुइनोवर मिलीज हे फंक्शन बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद अनसाइन्ड लाँगमध्ये (उणे संख्या नसलेल्या लाँगमध्ये) देतं. ते इंटमध्ये ठेवलं की ३२.७६७ सेकंदांनंतर आकडा उणे होतो आणि दिवा लुकलुकायचा थांबतो. अनसाइन्ड लाँगमध्ये ठेवलं तरी सुमारे ४९.७ दिवसांनी तो शून्यावर येतोच. तिथे तुलना कशी लिहिता यावर सगळं आहे.

आत्ता >= आधी + मुदत, हे शून्य ओलांडताना चुकतं.
आत्ता − आधी >= मुदत, हे चुकत नाही.

दुसऱ्या ओळीत वजाबाकी अनसाइन्ड असल्यामुळे चक्राकार होते आणि खरा फरकच मिळतो. गणिताच्या वहीत दोन्ही ओळी सारख्याच, यंत्रात नाहीत.

अनसाइन्डचं हे वागणं सी मध्ये नियमाने ठरलेलं आहे. साइन्ड इंट ओलांडला तर मात्र सी कसलीच हमी देत नाही. 'फिरून उणे होईल' असंही गृहीत धरू नका. असं कधी होणारच नाही असं मानून कंपायलर कोड आवळतो, आणि क + १ < क ही तुम्ही घातलेली तपासणी ऑप्टिमायझेशन चालू केल्यावर सरळ उडवून टाकू शकतो. तपासायचं तर आधी तपासायचं: क == इंट_मॅक्स आहे का ते बघा, मग मिळवा.

मुक्तछंद

एवढा काथ्याकूट कशाला? मेमरी आता मुबलक आहे. पायथन वापरा, पूर्ण संख्येला हद्दच नाही. बाकी सगळीकडे डबल. टाइपचा बागुलबुवा जुन्या काळातला आहे.

दशांश

मुक्तछंद, अर्धं बरोबर आहे. पायथनचा इंट खरंच हवा तेवढा वाढतो. पण नमपाय या पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीचा ॲरे घेतला की खाली सी चेच टाइप असतात. इंट३२ च्या ॲरेत हद्द ओलांडली तर उत्तर मुकाट्याने फिरतं. त्यातही नमपाय २.० च्या आधी विंडोजवर पूर्ण संख्यांचा आपोआप मिळणारा टाइप ३२ बिटांचा होता आणि ६४ बिटांच्या लिनक्सवर ६४ चा. तोच कोड, दोन यंत्रांवर दोन बेरजा.

आता 'बाकी सगळीकडे डबल' बद्दल, कारण मूळ धाग्यातला दुसरा प्रश्न तोच आहे.

डबल म्हणजे आयट्रिपलई ७५४ या १९८५ सालच्या प्रमाणानुसार ६४ बिट: १ चिन्हाचा, ११ घातांकाचे, ५२ अपूर्णांकाचे, शिवाय एक न लिहिलेला. म्हणजे अचूकता ५३ बिटांची. संख्या द्विमान पद्धतीत लिहिली जाते. दशमान पद्धतीत १/३ जसा कधीच संपत नाही, तसा द्विमान पद्धतीत १/१० संपत नाही. ५३ बिटांवर तो कापला की जे उरतं ते ०.१ नसतं, ०.१०००००००००००००००५५५ च्या आसपासचं काहीतरी असतं. दहा बेरजांत प्रत्येक वेळी पुन्हा गोलाई होते. चूक कधी वर, कधी खाली. शेवटी १ च्या किंचित अलीकडे थांबलात. जावाचा दोष नाही, सी, पायथन, जावास्क्रिप्ट सगळे तेच उत्तर देतील.

याचा अर्थ डबल 'अंदाजे' असतो असा नाही. ०.५, ०.२५, ०.७५ अगदी अचूक बसतात. २ च्या ५३व्या घातापर्यंतची प्रत्येक पूर्ण संख्याही. त्यापुढे मात्र फटी पडायला लागतात: ९००७१९९२५४७४०९९२ बसते, तिच्यात १ मिळवला तर तीच राहते. ३२ बिटांच्या साध्या फ्लोटमध्ये ही भिंत १६७७७२१६ वरच येते. फ्लोट काउंटर एक-एकने वाढवत नेला तर तो या आकड्यावर कायमचा अडकतो. त्याला लूपची अट बांधलेली असेल तर लूप संपणारच नाही.

जावास्क्रिप्टमध्ये तर साधा आकडा म्हणजे डबलच. सर्व्हरने पाठवलेला १९ आकडी आयडी जेसनमधून (माहिती पाठवायच्या मजकुरी फॉरमॅटमधून) वाचला की शेवटचे आकडे बदलतात आणि भलत्याच नोंदीला हात लागतो. मोठे आयडी जेसनमध्ये स्ट्रिंग म्हणूनच पाठवायचे.

तुलनेसाठी: == वापरू नका, फरक किती चालेल ते ठरवा. पायथनमध्ये मॅथ.इजक्लोज आहे, पण एक अट ध्यानात घ्या. ते सापेक्ष फरक बघतं, आपोआप मिळणारी मर्यादा १ भागिले १०० कोटी, आणि निरपेक्ष मर्यादा शून्य. त्यामुळे शून्याशी तुलना केली तर कितीही चिमुकली संख्या 'जवळ नाही' असंच उत्तर येतं. शून्याशी तुलना करायची असेल तर ॲब्स_टॉल, म्हणजे निरपेक्ष मर्यादा, स्वतः द्यावा लागतो.

पैशाच्या हिशेबात डबल अजिबात नको. चलनाचं सगळ्यात लहान एकक धरून पूर्ण संख्येत साठवा, नाहीतर पायथनचा डेसिमल हा दशमान टाइप घ्या. डेसिमल घेतानाही अवतरणातला '०.१' द्या. अवतरण न देता ०.१ दिला तर आधी त्याचा डबल होतो, आणि डेसिमल तो बिघाड इमानदारीने शेवटच्या आकड्यापर्यंत जपतो. जावाच्या बिगडेसिमलमध्ये २.० आणि २.०० यांना इक्वल्स वेगळं मानतं. तिथे कंपेअरटू वापरा.

आणि 'जुन्या काळातला बागुलबुवा' म्हणालात म्हणून. २५ फेब्रुवारी १९९१, धाहरान, सौदी अरेबिया. पेट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणा वेळ दशांश सेकंदांत मोजत होती आणि ०.१ हा २४ बिटांत कापलेला होता. यंत्रणा सुमारे १०० तास सलग चालू राहिल्यावर साचलेली चूक ०.३४ सेकंद झाली. येणारं स्कड क्षेपणास्त्र भलत्याच जागी शोधलं गेलं. २८ सैनिक गेले. मेमरी मुबलक असली तरी ०.१ आजही द्विमान पद्धतीत संपत नाही.

मुक्तछंद

जेसनमधल्या आयडीचं माहीत नव्हतं. डबलचा हट्ट सोडला. पायथनचा नाही.

अर्धविराम

@दशांश, त्याच माळेतलं एरियन ५ हे रॉकेट. ४ जून १९९६, पहिलंच उड्डाण. आडव्या वेगाशी निगडित ६४ बिटांची फ्लोटिंग संख्या १६ बिटांच्या साइन्ड इंटमध्ये उतरवली जात होती. कोड एरियन ४ साठी लिहिलेला, आणि तिथे ती संख्या कधी एवढी मोठी होतच नव्हती. नव्या रॉकेटचा मार्ग वेगळा, संख्या ३२७६७ च्या पुढे गेली, आणि जेमतेम चाळीस सेकंदांत रॉकेट गेलं.

यातून टाइप निवडण्याचा विचार कसा करायचा तेही निघतं. 'आज या व्हेरिएबलमध्ये काय येतं' हा प्रश्न अपुरा आहे. जास्तीत जास्त काय येऊ शकतं, आणि मधल्या पायरीवर ते किती फुगेल, हे विचारायचं. ५०००० इंटमध्ये बसतो, पण त्याचा वर्ग बसत नाही. दोन इंटची सरासरी इंटमध्ये नक्की बसते, पण (अ + ब) / २ मधली बेरीज बसेलच असं नाही. बायनरी सर्चमध्ये हा बग वर्षानुवर्षं जावाच्या स्वतःच्या लायब्ररीत होता, २००६ मध्ये चव्हाट्यावर आला. अ + (ब − अ) / २ लिहिलं की सुटतो, कारण तिथे दोन्ही इंडेक्स धन असतात.

दुसरा निकष मला जास्त उपयोगी वाटतो: या गोष्टीवर गणित होणार आहे का? फोन नंबर, पिनकोड, खाते क्रमांक यांची बेरीज कुणी करत नाही. ते आकड्यांनी लिहिलेले मजकूर आहेत, स्ट्रिंगमध्ये ठेवा. इंटमध्ये ठेवले की सुरुवातीचा शून्य गेलाच. कोडमध्येच ०१० लिहिलं तर सी आणि जावात त्याची किंमत ८ होते, कारण पुढचा शून्य अष्टमान पद्धतीची खूण आहे. पायथन ३ मध्ये निदान सिंटॅक्स एरर येतो.

शिकाऊ_कंपायलर

भारी! एल लावून पहिलं सुटलं. आता टक्केवारीत अडलोय: गुण / एकूण * १०० केलं तर नेहमी ० येतं. (डबल)(गुण / एकूण) * १०० करूनही ०.० च.

रजिस्टर

कास्ट कंसाच्या बाहेर आहे. कंसातला भागाकार आधी झाला, इंट भागिले इंट, अपूर्णांक तिथेच गेला. उरलेल्या शून्याचा तुम्ही डबल केलात. (डबल) गुण / एकूण * १०० लिहा, म्हणजे कास्ट फक्त गुणला लागेल. पूर्ण संख्येतच उत्तर हवं असेल तर गुण * १०० / एकूण. फक्त गुणाकार हद्दीत राहतोय ना ते बघा.

उणे संख्यांचा भागाकार भाषेगणिक वेगळा आहे, तेही आत्ताच कळलेलं बरं. −७ / २ सी आणि जावात −३ येतं, शून्याकडे कापलं जातं. पायथनमध्ये −७ // २ म्हणजे −४, खाली जातं. बाकीही त्यानुसारच: −७ % ३ जावात −१, पायथनमध्ये २. म्हणून विषम ओळखायला न % २ == १ लिहू नका, जावात −३ ला ते 'विषम नाही' म्हणेल. न % २ != ० लिहा. हॅशवरून ॲरेचा इंडेक्स काढताना बाकी उणे आली तर थेट हद्दीबाहेर. तिथे मॅथ.फ्लोअरमॉड.

अनुस्वार

कॉन्स्टंटच्या तिसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळलंच नाही!

जावातलं फायनल नावाला कुलूप लावतं, वस्तूला नाही. फायनल यादी म्हणजे हे नाव दुसऱ्या यादीकडे वळवता येणार नाही, एवढंच. यादीच्या पोटात काय चाललंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. जावास्क्रिप्टच्या कॉन्स्टचं तेच. आतला मालही गोठवायचा असेल तर जावा ९ पासूनचं लिस्ट.ऑफ वापरा, त्यात ॲड केलं की अपवाद येतो. जावास्क्रिप्टमध्ये ऑब्जेक्ट.फ्रीझ, पण तो वरच्या एकाच थरापुरता. आतल्या ऑब्जेक्टला हात लागतोच.

पायथनमध्ये कॉन्स्टंट नाहीच. सगळी अक्षरं कॅपिटल लिहायची हा फक्त संकेत. ३.८ पासून टायपिंगमध्ये फायनल आलं, पण ते मायपायसारखा तपासनीस वाचतो. प्रोग्राम चालताना कुणी विचारत नाही.

सी मध्ये दोन रस्ते, डिफाइन आणि कॉन्स्ट. डिफाइन म्हणजे निव्वळ मजकुराची अदलाबदल:

#डिफाइन एकूण १० + ५
क = एकूण * २;

क मध्ये ३० नाही, २० येतात, कारण कंपायलरला १० + ५ * २ दिसतं. डिफाइनमध्ये कंस घालणं सक्तीचं समजा. कॉन्स्ट इंटला टाइप आहे, डीबगरमध्ये दिसतो, पण सी च्या नियमांत तो 'कंपाइल करताना ठाऊक असलेली किंमत' धरला जात नाही. म्हणून केसच्या लेबलला तो चालत नाही, सी++ मध्ये चालतो. सी मध्ये पूर्ण संख्येच्या कॉन्स्टंटसाठी एनम हा सगळ्यात सुटसुटीत मार्ग आहे, आणि सी२३ पासून कॉन्स्टएक्सपीआरही मिळतो.

पॉइंटर आला की कॉन्स्ट कुठे बसलाय ते तारकेवरून वाचा. तारकेच्या डावीकडे असेल तर ज्याकडे बोट दाखवलंय ते बदलता येत नाही. उजवीकडे असेल तर बोटच हलवता येत नाही.

आता जावातला एक लपलेला खड्डा, जो फार कमी ठिकाणी लिहिलेला सापडतो. स्टॅटिक फायनल इंट कमाल = १०; असं एका क्लासमध्ये आहे आणि दुसरा क्लास तो वापरतो. कंपाइल होताना दुसऱ्या क्लासमध्ये कमालचा संदर्भ जात नाही, थेट १० कोरला जातो. पुढे कमाल २० केली आणि फक्त पहिलाच क्लास कंपाइल करून टाकला, तर दुसरा १० च धरून बसतो. सोर्समध्ये २०, वागणं १० चं. बदलण्याची शक्यता असलेली किंमत दुसऱ्या जारमधून (कंपाइल केलेल्या क्लासच्या गठ्ठ्यातून) वापरली जाणार असेल तर ती फंक्शनमधून परत द्या, नाहीतर सगळंच नव्याने बिल्ड करा.

नाव ठेवताना एकक नावात घाला. मुदत = ३० यावरून काहीच कळत नाही, मुदत_सेकंद = ३० यावरून कळतं. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान गेलं ते यातूनच. एक बाजू पाउंड-फोर्स सेकंदांत आकडे देत होती, दुसरी ते न्यूटन सेकंद समजत होती. टाइप दोन्हीकडे आकड्याचाच, त्यामुळे कंपायलरला हरकत घ्यायला जागाच नव्हती.

निशाचर

बुलियनचं पटकन. पायथनमध्ये बूल('फॉल्स') हे ट्रू आहे, कारण रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग खरी. फॉर्ममधून किंवा कॉन्फिगमधून आलेला 'फॉल्स' असाच चकवतो. मजकुराची तुलनाच करावी लागते. पीएचपीत '०' ही स्ट्रिंग खोटी, जावास्क्रिप्टमध्ये खरी. पायथनच्या इनपुटमधून नेहमी स्ट्रिंगच येते, म्हणून '५' + '५' म्हणजे '५५'.

जावात इंटिजर या वस्तूंची == ने तुलना केली तर १२७ पर्यंत बरोबर वाटतं आणि १२८ पासून बिनसतं, कारण −१२८ ते १२७ एवढ्याच वस्तू कॅशमधून त्याच त्या मिळण्याची हमी आहे. इक्वल्स वापरा.

जोडाक्षर

स्ट्रिंगकडे सगळ्यांनी पाठ फिरवलीय, आणि मराठी मजकूर हाताळणाऱ्याला सगळ्यात जास्त त्रास तिथेच आहे.

'मराठी' ची लांबी किती? डोळ्यांना तीन अक्षरं. युनिकोडच्या हिशेबात पाच: म, र, काना, ठ, वेलांटी. पायथनचं लेन पाच सांगतं, जावाचं लेंग्थही पाच. सी मध्ये यूटीएफ-८ स्ट्रिंगवर स्ट्रलेन लावलं तर पंधरा, कारण देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. तिन्ही उत्तरं बरोबर आहेत, फक्त तीन वेगवेगळ्या गोष्टी मोजलेल्या आहेत. सी चा कॅर म्हणजे एक बाइट, त्यात 'म' मावतच नाही. जावाचा कॅर १६ बिटांचा, त्यात 'म' मावतो, पण 'ठी' नाही.

याचे परिणाम सांगतो. पायथनमध्ये स्ट्रिंग उलटी केली तर सुरुवातीला निराधार वेलांटी लटकते आणि मग ठा, र, म. पहिली २० चिन्हं कापून पुढे तीन टिंबं दिली तर जोडाक्षर मधोमध तुटून हलन्त उघडा पडतो. बाइटवर कापलंत तर त्याहून वाईट, चिन्हच अर्धं होऊन चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दिसतं. ओरॅकलमध्ये व्हारकॅर२ (५०) मुळात बाइट मोजतं. म्हणजे मराठीला १६ च चिन्हं, आणि काना-मात्रा धरून नाव त्याआधीच भरतं. कॉलम घेताना आकड्यापुढे कॅर लिहा. मायएसक्यूएलचं व्हारकॅर चिन्हं मोजतं, पण तिथलं जुनं यूटीएफ८ तीन बाइटपर्यंतच जातं. मराठी बसते, इमोजी आला की नोंद अडते. यूटीएफ८एमबी४ घ्या.

सगळ्यात छळवादी प्रकार तुलनेचा. 'दऱ्या' हा शब्द तीन प्रकारे साठवलेला सापडतो: ऱ हे एकच चिन्ह (यू+०९३१) घेऊन, र अधिक नुक्ता घेऊन, किंवा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर घेऊन. पडद्यावर सारखेच, == म्हणतं वेगळे. एनएफसी नॉर्मलायझेशन (युनिकोडचं एकसारखं रूप देणं) केलं की पहिले दोन एक होतात. तिसरा होत नाही, तो स्वतः बदलून घ्यावा लागतो. शोध लावायचा असेल तर साठवतानाच हे उरका. नंतर लाखभर नोंदी धुवत बसावं लागतं.

आणि देवनागरी आकडे. पायथनमध्ये इंट('१२३') चालतं, जावात पार्सइंटही चालतं. जावास्क्रिप्टमध्ये नंबर('१२३') म्हणजे नॅन ('आकडा नाही'), सी च्या एटॉयला शून्य. मोबाइलचा कीबोर्ड मराठीवर असेल तर वापरणारा हेच आकडे टाइप करणार. पायथनमध्ये आधी तपासायचं तर इजडिजिट नको, ते वर्ग दाखवायला वर चढवून लिहिलेल्या छोट्या २ लाही होकार देतं आणि मग इंट अपवाद फेकतं. इजडेसिमल वापरा.

शिकाऊ_कंपायलर

झिरो विड्थ जॉइनर! यादीत एकच नाव दोनदा दिसतं त्याचं कारण बहुतेक हेच. तपासतो.

सी मधल्या चुका कंपायलरकडून आधीच पकडून घेता येतात का? की नजरेनेच शोधायच्या?

रजिस्टर

बऱ्याचशा पकडता येतात, मागितल्या तर. जीसीसी किंवा क्लँगला वॉल आणि एक्स्ट्रा हे दोन इशारे कायम चालू ठेवा. नावात 'ऑल' असलं तरी सगळे इशारे त्यात येत नाहीत. मोठ्या टाइपमधून छोट्यात ओतताना ओरडणारा कन्व्हर्शन वेगळा चालू करावा लागतो. जुन्या कोडवर तो शेकडो ओळी ओकेल, म्हणून नव्या फाइलपासून सुरुवात करा. साइन्ड-अनसाइन्ड तुलनेचा इशारा सी मध्ये एक्स्ट्रासोबत येतो. तो दुर्लक्षू नका, कारण −१ < १यू हे सी मध्ये खोटं आहे: −१ चा आधी अनसाइन्ड होतो, म्हणजे ४२९४९६७२९५. याच कारणाने अनसाइन्ड इंडेक्स घेऊन न − १ पासून >= ० पर्यंत उतरणारा लूप कधीच थांबत नाही. शून्याच्या खाली त्याला जाताच येत नाही.

चालताना पकडायला अनडिफाइन्ड सॅनिटायझर लावून बिल्ड करा, साइन्ड ओव्हरफ्लो झाला की ओळ क्रमांकासकट सांगतो. किंमत न दिलेली लोकल व्हेरिएबल वाचली जात असतील तर व्हॅलग्रिंड किंवा क्लँगचा मेमरी सॅनिटायझर. ग्लोबल आणि स्टॅटिक व्हेरिएबलना सी स्वतः शून्य देतं, लोकलला देत नाही, तिथे आधीचा जो कचरा असेल तो.

एक मात्र वॉल, एक्स्ट्रा आणि सॅनिटायझर भरवशाने पकडत नाहीत, कन्व्हर्शन चालू असेल तरच इशारा येतो: कॅर क = गेटकॅर(). गेटकॅर इंट देतं, कारण त्याला २५६ बाइटांखेरीज फाइल संपल्याची खूणही द्यायची असते, सहसा −१. कॅर साइन्ड असेल, एक्स८६ वर बहुधा असतो, तर फाइलमधला २५५ किमतीचा बाइट आला की फाइल संपली असं समजून लूप मध्येच थांबतो. अनसाइन्ड असेल, एआरएम लिनक्सवर बहुधा असतो, तर −१ चे २५५ होतात आणि लूप थांबतच नाही. लॅपटॉपवर चाललेलं रास्पबेरी पायवर लटकलं तर आधी ही ओळ शोधा आणि क चा टाइप इंट करा.